आतड्याचा कर्करोग घराण्यातून येतो का? सिकलसेलचे गणित इथे जसेच्या तसे चालत नाही

वेणाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या हिंगणघाट-समुद्रपूर भागात कोणाच्या घरी मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला की तेरवीच्या पंगतीतच दोन तट पडतात. एक तट म्हणतो की हा रोग त्यांच्या घराण्यातच आहे, तर दुसरा म्हणतो की घराण्याचे काही नाही, हे सगळे फवारणीचे आणि भेसळीच्या तेलाचे प्रताप आहेत. दोघेही ठामपणे बोलतात आणि ज्या पोरांनी नुकताच बाप गमावलेला असतो त्यांच्या पदरात भीतीखेरीज काही पडत नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असे, त्यामुळे यांपैकी काही पोरे पुढे माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगतो ते येथे मांडतो. वैद्यकीय मंडळींनी भर घालावी, ही विनंती.

विदर्भात लोकांना आनुवंशिकता कळत नाही, असे मी मानत नाही. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारामुळे 'एएस पॅटर्न' (वाहक) आणि 'एसएस पॅटर्न' (रोगी) हे शब्द आपल्याकडे चहाच्या टपरीवरही बोलले जातात. नवराबायको दोघेही एएस असतील तर प्रत्येक अपत्य एसएस निघण्याची शक्यता २५ टक्के असते, हे शाळा अर्धवट सोडलेला माणूसही बोटांवर करून दाखवतो. अडचण अशी की हेच गणित लोक कर्करोगालाही लावतात. "आईकडे होते, बापाकडे नव्हते, म्हणजे पोरगा फार तर वाहक निघेल, त्याला स्वतःला काही व्हायचे नाही," असा निष्कर्ष मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे, आणि आतड्याच्या कर्करोगात तो जिवावर बेतू शकतो.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा सर्वांत जास्त आढळणारा आनुवंशिक प्रकार म्हणजे लिंच सिंड्रोम. या रोगाच्या दर शंभर रुग्णांपैकी साधारण तिघांमध्ये तो सापडतो. पेशी विभागली जाताना डीएनएची नक्कल होते आणि तीत चुका राहतात. त्या चुका हेरून दुरुस्त करणारी प्रथिने शरीरात असतात आणि ती एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ व पीएमएस२ या जनुकांवरून तयार होतात. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून आलेली. लिंच सिंड्रोममध्ये यांपैकी एका जनुकाची एक प्रत जन्मापासूनच निकामी असते, तरी काम चालून जाते. जोडीतला एक बैल लंगडा असला तरी दुसऱ्याच्या जोरावर बंडी रेटत नेता येते, तसे. पुढे आतड्याच्या अस्तरातील एखाद्या पेशीत दुसरी प्रतही बिघडली की त्या पेशीतील दुरुस्ती थांबते, चुका झपाट्याने साचत जातात आणि साधा पॉलिप (अस्तरावर वाढलेला मांसाचा कोंब) कर्करोगात बदलायला एरवी जी दहाएक वर्षे लागतात, ती इथे दोन-तीन वर्षांवर येऊ शकतात.

म्हणजे इथे एकच सदोष प्रत पुरते. ती ज्याच्याकडे आहे त्याच्या प्रत्येक अपत्याकडे, मुलगा असो वा मुलगी, ती जाण्याची शक्यता ५० टक्के असते. मात्र ती प्रत मिळालेल्या प्रत्येकाला कर्करोग होतोच असेही नाही. एमएलएच१ किंवा एमएसएच२ मध्ये दोष असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना आयुष्यात आतड्याचा कर्करोग होतो. एमएसएच६ मध्ये हे प्रमाण बरेच कमी आणि पीएमएस२ मध्ये त्याहूनही कमी असते. त्यामुळे एखादा माणूस ऐंशी वर्षे धडधाकट जगतो, मुलाला सदोष प्रत देऊन जातो आणि गावाला वाटते की रोग 'मधली पिढी टाकून' आला.

दुसरा प्रकार एपीसी या जनुकाचा. त्यात विशीच्या आतच आतड्यात शेकडो ते हजारो पॉलिप येतात आणि वेळीच शस्त्रक्रिया केली नाही तर साधारण चाळिशीपर्यंत कर्करोग जवळजवळ अटळ असतो. हा प्रकार दुर्मीळ असून दुर्बिणीतून पाहताच लक्षात येतो, म्हणून त्यावर येथे फार लिहीत नाही. लिंच मात्र दिसत नाही. त्याचा माग घरच्या माणसांच्या आठवणीतूनच लागतो. १८९५ साली अमेरिकेतील अ‍ॅन आर्बर येथे शिवणकाम करणाऱ्या एका बाईने डॉ. अल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितले की, माझ्या घरातली माणसे पोटाच्या नाहीतर गर्भपिशवीच्या कर्करोगाने जातात आणि मीही तशीच जाणार. ती पुढे गर्भपिशवीच्या कर्करोगानेच गेली. वॉर्थिन यांनी तिच्या नातलगांची नोंद करून १९१३ मध्ये ती प्रसिद्ध केली. १९६० च्या दशकात डॉ. हेन्री लिंच यांनी अशा कुटुंबांचा पाठपुरावा सुरू केला, तेव्हाही पुष्कळांना हा योगायोग वाटत होता. जनुक हाती लागले ते १९९३ मध्ये.

कास्तकार_दारव्हा

सर, आपले लिखाण अभ्यासपूर्ण आहे, परंतु मला त्यात एक धोका दिसतो. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन कास्तकार आणि मजूर दगावले. अशा मुलखात बसून जनुकांची चर्चा केली की खापर रोग्याच्या रक्तावर फुटते आणि बाकी सगळे मोकळे सुटतात. माझ्या चुलत्याला आतड्याचा कर्करोग झाला तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते आणि आमच्या सात पिढ्यांत हा रोग कोणाला नव्हता. मग त्याला आनुवंशिक कसे म्हणावे?

वेणाकाठ

दादा, आपल्या चुलत्यांच्या रोगाला मीही आनुवंशिक म्हणणार नाही. अडुसष्टाव्या वर्षी, घरात दुसरा कोणी रुग्ण नसताना झालेला आतड्याचा कर्करोग हा बहुतेक वेळा वाढत्या वयासोबत पेशींत साचलेल्या बिघाडांतूनच होतो. एका प्रबळ जनुकातील दोषामुळे होणारे रुग्ण शंभरात साधारण पाच ते दहा असतात.

फवारणीचा मुद्दा मात्र वेगळा काढून पाहावा लागेल. २०१७ मध्ये जे घडले ती तीव्र विषबाधा होती, आणि तिची जबाबदारी ठरवण्यासाठी जनुकांची चर्चा आड येत नाही. आतड्याच्या कर्करोगापुरते बोलायचे तर दारू, बिडी-सिगारेट, लठ्ठपणा, बैठे काम आणि प्रक्रिया केलेले मांस या कारणांचा पुरावा पक्का आहे. कीटकनाशकांचा पुरावा या रोगाच्या बाबतीत तितका पक्का नाही. शिवाय पाणी किंवा फवारणी हेच कारण असेल तर त्याच धुऱ्याला लागून असलेल्या शेजाऱ्यांतही रोग दिसायला हवा. याउलट मामा दारव्ह्याला, मावशी परतवाड्याला, आजी मूर्तिजापूरला आणि तिघांनाही पन्नाशीच्या आत कर्करोग, असे चित्र असेल तर त्यांच्यात समान काय होते, याचे उत्तर पाण्यात शोधून मिळणार नाही.

निशिगंध_वणी

सर, आपण लिहिलेले वाचून मला राहवले नाही. माझ्या आईला गर्भपिशवीचा कर्करोग अठ्ठेचाळिसाव्या वर्षी झाला आणि ती आता नाही. तिच्या सख्ख्या भावाला, म्हणजे माझ्या मामांना, चव्वेचाळिसाव्या वर्षी आतड्याचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेनंतर ते ठीक आहेत. आईची आई 'पोटात गाठ होऊन' गेली एवढेच घरात सांगतात. मामांना शौचातून रक्त कधी दिसले नव्हते. त्यांना नुसता थकवा होता, हिमोग्लोबिन सात-साडेसातवर आले होते, आणि कितीतरी महिने लोहाच्या गोळ्या चालल्या. आमच्या भागाची रीत म्हणून सिकलसेलची तपासणीही झाली, ती निरंक आली आणि सगळे निर्धास्त झाले. पुढे पोटात गोळा हाताला लागला तेव्हा दुर्बीण केली.

माझे वय एकतीस आहे. सासरची मंडळी म्हणतात की हा आईकडचा रोग आहे, तुझे माहेरचे आडनाव वेगळे, तेव्हा तुझा काय संबंध? मी तपासणी करून घ्यावी का, आणि कोणती?

डॉ_अंबानगरी

ताई, मी अमरावतीला पॅथॉलॉजीचे काम करतो. आपला मजकूर दोनदा वाचला.

आडनावाचा आणि जनुकांचा काही संबंध नाही. आईकडून आलेला वारसा बापाकडून आलेल्या वारशाइतकाच मोजला जातो. आपल्याकडे मात्र कुळाची माहिती विचारली की लोक बापाच्या बाजूची चार नावे सांगतात आणि आजोळ गाळतात, त्यामुळे केसपेपरवर 'कौटुंबिक इतिहास नाही' अशी ओळ पडते. ती ओळ निम्म्या घराण्याबद्दलच बोलते.

आपल्या आईच्या कर्करोगाला वेगळा रोग समजू नका. लिंच सिंड्रोममध्ये आतड्याच्या खालोखाल गर्भपिशवीच्या अस्तराचा कर्करोग आढळतो, आणि काही बायकांत तोच आधी येतो. अंडाशय, जठर, लहान आतडे आणि मूत्रवाहिनी यांचाही धोका वाढतो. १९९१ मध्ये अशी कुटुंबे ओळखण्यासाठी जे निकष ठरले त्यांत फक्त आतड्याचा कर्करोग धरला होता. १९९९ मध्ये ते सुधारून गर्भपिशवीही त्यांत घेतली. निकष साधा आहे: असा कर्करोग झालेले किमान तीन नातलग, त्यांतला एक इतर दोघांचा आईबाप, भावंड किंवा अपत्य, सलग दोन पिढ्या, आणि किमान एकाचे निदान पन्नाशीच्या आतले. आपल्या आजीचे निदान कागदावर सिद्ध झाले तर आपले कुटुंब त्यात बसते. सिद्ध झाले नाही तरी आई आणि मामा एवढ्यावरही पुढची तपासणी करणे योग्यच आहे.

मामांची लक्षणेही बोलकी आहेत. लिंचमधील कर्करोग बऱ्याचदा आतड्याच्या उजव्या भागात होतो. तिथे पोकळी रुंद आणि मळ पातळ असतो, म्हणून अडथळा उशिरा येतो. रक्त थोडे थोडे झिरपते आणि मळात मिसळून जाते. डोळ्यांना काही दिसत नाही, फक्त माणूस पांढरा पडत जातो. प्रौढ पुरुषाचे रक्त कारणाशिवाय कमी होत असेल तर गोळ्या देण्याआधी ते जाते कुठे, हे पाहिले पाहिजे. डाव्या बाजूच्या रुग्णांची तऱ्हा निराळी. त्यांना लाल रक्त दिसते, आणि मग प्रत्येक तालुक्याच्या बसस्थानकासमोर 'मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन' अशी जी पाटी लागलेली असते, तिच्याखाली त्यांचे सहा महिने जातात.

आता तपासणी. ती आपल्यापासून सुरू करू नका, मामांपासून करा. निरोगी माणसाची चाचणी आधी केली आणि तीत काही सापडले नाही, तर त्याचे दोन अर्थ निघतात: घरात दोष आहे पण आपल्याकडे आला नाही, किंवा घरातला दोष त्या चाचणीला दिसलाच नाही. यांतला कोणता, हे सांगता येत नाही. म्हणून जो आजारी पडला त्याच्यात दोष शोधायचा. मामांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा मेणाचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तिचा तुकडा, रुग्णालयात जपून ठेवलेला असतो. त्यावर त्या चार प्रथिनांसाठी रंगचाचणी करतात. तिला आयएचसी म्हणतात. चारही प्रथिने हजर असतील तर लिंचची शक्यता बरीच कमी होते. एमएसएच२ आणि एमएसएच६ ही जोडी गायब असेल तर संशय बळावतो. एमएलएच१ आणि पीएमएस२ गायब असतील तर घाई करू नये, कारण उतारवयात एमएलएच१ हे जनुक वारशाशिवायही बंद पडते. ते वेगळे काढण्यासाठी गाठीवरच बीआरएएफ या जनुकाची आणि मिथिलेशनची (जनुक बंद करणाऱ्या रासायनिक खुणेची) चाचणी आहे. त्यानंतर मामांच्या रक्तातून जनुक तपासायचे. तिथे नेमका दोष सापडला की मग आपण, आपली भावंडे आणि मामांची मुले यांची तेवढ्याच एका जागेची तपासणी करायची. ती पूर्ण चाचणीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते आणि तिचे उत्तर हो किंवा नाही असे स्वच्छ येते. नाही आले, तर आपला धोका चारचौघांइतका.

आशा_कुरखेडा

डॉक्टरसाहेब, मी आशा सेविका आहे आणि गावात सिकलसेलचे काम करते. सिकलसेलसारखा, म्हणजे दोन्ही बाजूंनी आल्याशिवाय न होणारा, असा आतड्याच्या कर्करोगाचा कोणता प्रकार आहे काय? आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अजून आहे, म्हणून विचारते.

डॉ_अंबानगरी

ताई, फार चांगला प्रश्न विचारलात. असा प्रकार आहे. त्याच्या जनुकाचे नाव म्यूटीवायएच असून त्याचा शोध २००२ मध्ये लागला. दोन्ही प्रती सदोष असतील तरच आतड्यात अनेक पॉलिप येतात आणि कर्करोगाचा धोका खूप वाढतो. एकच प्रत सदोष असेल तर धोका थोडासाच वाढतो. म्हणजे आपले सिकलसेलचे गणित इथे बरोबर लागू पडते. यात आईबापांना काही झालेले नसते आणि भावंडांपैकी एकदोघांना रोग होतो. मामेबहिणीशी किंवा आतेबहिणीशी लग्न झाले की दोघांकडे एकाच आजी-आजोबांची सदोष प्रत असण्याची शक्यता वाढते, म्हणून अशा घरात भावंडांचा इतिहास नीट विचारावा. लिंचच्या धोक्यात मात्र नात्यातल्या लग्नाने सहसा फरक पडत नाही. अगदी क्वचित, दोन्ही प्रती सदोष मिळालेल्या मुलांना बालपणीच मेंदूचे, रक्ताचे किंवा आतड्याचे कर्करोग होतात. तो स्वतंत्र आणि गंभीर आजार आहे.

वाशीमचा_पुण्यात

मी थुंकीची नळी टपालाने पाठवून करायची ती चाचणी केली होती. अहवालात माझा आतड्याच्या कर्करोगाचा धोका 'सरासरीच्या १.४ पट' असे आले. घरात एकाही माणसाला हा रोग नाही. मग हे कोणते जनुक म्हणायचे?

वेणाकाठ

ते एक जनुक नव्हे. आपल्या डीएनएत लाखो ठिकाणी माणसामाणसांत एका अक्षराचा फरक असतो. २००७ मध्ये आठव्या गुणसूत्रावर अशी एक जागा सापडली, जिथल्या एका अक्षराने आतड्याच्या कर्करोगाचा धोका साधारण एकपंचमांशाने वाढतो, आणि ते अक्षर इतके सर्रास आढळते की या धाग्यावरच्या बहुतेकांकडे असेल. त्यानंतर अशा जागा शोधण्याचे काम वाढत गेले आणि आज त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली आहे. एकेक जागा क्षुल्लक असते, पण सगळ्यांची बेरीज करून धोक्याचा आकडा काढतात. वारशाचा जो मोठा भाग प्रबळ जनुकांनी उलगडत नाही, त्यातला काही या बेरजेत असतो. २००० मध्ये स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंडमधील ४४,७८८ जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आतड्याच्या कर्करोगातील आनुवंशिक वाटा सुमारे ३५ टक्के निघाला होता.

आता आपल्या १.४ विषयी. ही बेरीज मुख्यतः युरोपीय आणि पूर्व आशियाई लोकांच्या नमुन्यांवर बसवलेली आहे. त्याच जागा आपल्या लोकांत तितक्याच वजनाच्या असतील असे गृहीत धरता येत नाही. त्यातही भारतात या रोगाचे मूळ प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच कमी आहे. लहान आकड्याची १.४ पट हा लहानच आकडा असतो. माझे मत विचाराल तर अशा अहवालाने झोप उडवू नये. निशिगंधताईंच्या घरी असलेली माहिती, म्हणजे कोणाला, कोणत्या अवयवाचा, कोणत्या वयात, ही आज तरी त्या नळीपेक्षा जास्त मोलाची आहे.

डॉ_अंबानगरी

सहमत. आणखी एक जोडतो. अशा टपाली चाचण्या पुष्कळदा लिंचची जनुके पूर्ण वाचतच नाहीत. त्यामुळे 'काही सापडले नाही' या उत्तराने निर्धास्त होऊ नये. उलट पूर्ण वाचन केले तर आपल्या लोकांत 'अर्थ अनिश्चित' असा शेरा जास्त येतो, कारण जागतिक नोंदींत भारतीय नमुने थोडे आहेत. असा शेरा आलेल्या बदलावरून शस्त्रक्रियेसारखा कोणताही मोठा निर्णय घ्यायचा नसतो.

निशिगंध_वणी

मामा तयार आहेत, पण मामी नाही म्हणतात. त्यांच्या मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालू आहेत आणि कागदावर असे काही आले तर सोयरे मागे फिरतील ही त्यांची भीती आहे. मला ती भीती खोटीही म्हणवत नाही. शिवाय दोष निघालाच तर पुढे करायचे काय, हा त्यांचा प्रश्न आहे.

डॉ_अंबानगरी

पुढे करण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणूनच तपासणी सुचवतो. एमएलएच१ किंवा एमएसएच२ मध्ये दोष निघाला तर पंचविशीच्या आसपासपासून, किंवा घरातल्या सर्वांत तरुण रुग्णाच्या वयापेक्षा दोन ते पाच वर्षे आधीपासून, दर एक-दोन वर्षांनी पूर्ण कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करतात. एमएसएच६ आणि पीएमएस२ मध्ये ती उशिरा सुरू केली तरी चालते. पूर्ण म्हणजे उजव्या टोकापर्यंत. फक्त खालचा भाग पाहणारी छोटी दुर्बीण इथे उपयोगाची नाही. पॉलिप त्याच वेळी काढता येतात. फिनलंडमध्ये अशा कुटुंबांवर पंधरा वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा दर तीन वर्षांनी दुर्बीण करणाऱ्यांत आतड्याचा कर्करोग ६२ टक्क्यांनी कमी झाला. तो अभ्यास २००० मधला आहे. मुले झाल्यावर गर्भपिशवी काढण्याचा पर्यायही बायकांसमोर असतो. लिंचच्या रुग्णांत रोज ६०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिल्याने काही वर्षांनंतर धोका घटतो हेही सिद्ध झाले आहे, पण जठरातून रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून दुकानातून आणून आपल्या मनाने सुरू करू नका.

वकील_पुसद

विम्याची भीती असणाऱ्यांसाठी: फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आनुवंशिक विकार सरसकट वगळणारे आरोग्य विम्याचे कलम भेदभावाचे ठरवले होते. दावा नाकारला गेला तर या निकालाची आजची स्थिती काय, हे वकिलाला विचारावे.

वेणाकाठ

निशिगंधताई, सोयरिकीबाबत माझे मत रोखठोक आहे. आत्ता तपासायचे आहे ते मामांच्या गाठीला, मुलीला नाही. मुलगी सज्ञान आहे. तिने चाचणी करायची की नाही, कधी करायची आणि कोणाला सांगायची हे तिने ठरवावे, मामींनीही नाही आणि आपणही नाही. मात्र घरात काय घडले आहे ते तिला कळलेच पाहिजे. लग्नाआधी लपवले आणि तिशीत तिचे रक्त कमी होऊ लागले, तर सासरी कोणी आतड्याचा विचारही करणार नाही.

निशिगंध_वणी

हे मामींना वाचून दाखवले. ब्लॉक आणायला त्यांनी हरकत घेतली नाही. मामांची शस्त्रक्रिया नागपूरला झाली होती. तो ब्लॉक आम्हाला मिळेल काय?

डॉ_अंबानगरी

मिळेल. रुग्णाच्या सहीचा अर्ज, त्याच्या ओळखपत्राची प्रत आणि बायोप्सीच्या अहवालाची प्रत घेऊन पॅथॉलॉजी विभागात जावे. मामा स्वतः जाऊ शकत नसतील तर आपल्या नावाचे अधिकारपत्र जोडा. एकच ब्लॉक असेल तर तो परत करण्याच्या अटीवर देतात. गाठीचे ब्लॉक अनेक असतील तर कर्करोग भरपूर असलेला निवडून द्यायला सांगा, सोबत शेजारच्या निरोगी आतड्याचा भागही असावा. जनुकाच्या चाचणीआधी समुपदेशन आवश्यक आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. आजीचा एखादा जुना केसपेपर किंवा मृत्यूचा दाखला घरात असेल तर तोही सोबत ठेवा.

एक सूचना वाटेतली. ब्लॉक मेणाचा असतो आणि सध्या आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकला आहे. तो बसच्या बोनेटवर किंवा गाडीच्या काचेखाली ठेवू नका, कापसात गुंडाळून डब्यात घाला आणि डबा हातातल्या पिशवीत ठेवा. ब्लॉकवर कोरलेला क्रमांक आणि अहवालावरचा क्रमांक जुळतो का, हे खिडकीवरून हलण्याआधी पाहून घ्या.